हजिऱ्यातली माई आणि आमची पुडी

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. पण दुसऱ्यावर दगड उचलण्याआधी एक स्वतःच्या डोक्यात घालून घेतलेला बरा, म्हणून आधी माझीच फजिती सांगतो.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही दोघं ग्वाल्हेरला गेलो होतो. तानसेन समारोहाचं ते शंभरावं वर्ष. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस थेट ग्वाल्हेरला थांबते, त्यामुळे मधे कुठे गाडी बदलायची कटकट नाही. बायकोची एक चुलत मावशी तिथे हजिऱ्यात राहते. हजीरा म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याकडची, बिर्लानगरच्या बाजूची वस्ती. जाळीच्या नक्षीकामासाठी प्रसिद्ध असलेला मोहम्मद घौस यांचा मकबरा इथेच, आणि त्याच आवारात तानसेनची छोटीशी समाधी. मावशीचं घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. सगळे तिला माई म्हणतात, आम्हीही माईच म्हणतो.

रिकाम्या हाताने कसं जायचं? मडगावला स्टेशनाबाहेर काजू घेतले आणि शेजारच्याच फळीवरच्या मसाल्याच्या चार पुड्या उचलल्या. दोन रेशादच्या, दोन शागोतीच्या. वर नारळाची झाडं, समुद्र, होडी आणि 'अस्सल गोव्याची चव' असं छापलेलं. उत्तरेतल्या मराठी माणसांना आपल्या गोव्याची ओळख करून देऊ, असा थोर विचार त्यामागे होता हे कबूल करतो.

माईने चष्मा लावला, पुडी उलटी केली आणि मागचं बारीक अक्षर वाचायला लागली. पुढची होडी तिने पाहिलीसुद्धा नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "जावईबापू, यात पहिलं नाव तर मिठाचं आहे. बरं, हे दुकानात मिळतं ते समजलं. घरी कसं करता तुम्ही लोक?"

मी म्हटलं, "मिरची, लसूण, आलं, सिरका... सगळं वाटायचं."

"किती मिरचीला किती लसूण?"

गप्प बसलो. बायकोकडे पाहिलं, ती खिडकीबाहेर बघत होती. माई काही मला पकडायला विचारत नव्हती. तिला खरंच करून बघायचं होतं. पण तेवढ्या एका साध्या प्रश्नाने मला डिसेंबरच्या थंडीत घाम फुटला. कारण याच जागी, मंडळी, 'आपली खाद्यसंस्कृती वाचवा' म्हणून मी दोनदा तरी गळा काढलेला आहे. पर्यटकांनी आपल्या पदार्थांची वाट लावली, दिल्लीवाल्यांनी शागोतीत टोमॅटो घातला, पंजाबी ढाब्यांनी विंदालूत बटाटा टाकला, वगैरे वगैरे. आणि आमच्या घरी गेली दहा-बारा वर्षं मसाल्याच्या डब्यात काय आहे? पुडी. कात्रीने कापलेली, रबर लावलेली.

आता दगड तुमच्याकडे. तुमच्या घरी काय आहे?

दुसऱ्या दिवशी माईच्या घरी मसाल्याचा घाट होता. मुद्दाम आमच्यासाठी नव्हे, थंडीत ती करतेच. ही मंडळी मूळ शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेली मराठा कुळी. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरला तळ दिला, त्या तळाचं पुढे लष्कर नावाचं शहरच झालं. तेव्हापासून दोनशे वर्षांवर इथे राहून यांची मराठी हिंदीच्या अंगाने झुकली आहे. दगडफुलाला माई कधी दगडफूल म्हणते, कधी 'पत्थर का फूल'. खोबऱ्याच्या वाटीला 'गोला'. आपल्याकडचा कुणी दीडशहाणा ऐकून नाक मुरडील. पण त्या दीडशहाण्याच्या घरात दगडफूल ओळखणारं माणूस आहे का, हे आधी विचारायला हवं.

परातीत मांडलेलं एकेक बघत बसलो. धने अर्धा किलो, तीळ आणि सुकं खोबरं शंभर-शंभर ग्रॅम, जिरं पन्नास ग्रॅम, मग लवंग, दालचिनी, मिरे, नागकेशर, तमालपत्र, दगडफूल, शहाजिरं असं थोडं थोडं, हळकुंड, खडा हिंग. आपण ज्याला गोडा किंवा काळा मसाला म्हणतो तोच. धने गुण्याकडचे. गुणा जिल्हा धन्यासाठी नावाजलेला आहे, तिथली कुंभराजची मंडी धन्याचीच. तीळही त्याच बाजूचे. शेजारच्या मुरैन्याची गजक तिळाशिवाय होतच नाही. आणि खोबरं? ते मात्र आपल्या बाजूचं, दक्षिणेच्या किनाऱ्यावरून गेलेलं. मिरेही तिकडूनच.

म्हणजे बघा, ग्वाल्हेरच्या मराठी घरातला मसाला आमच्या किनाऱ्याच्या नारळावाचून होत नाही आणि आमची शागोती धन्यावाचून होत नाही. धने काही आपल्या कुळागरात पिकत नाहीत. बेडगी मिरची हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची, खसखस बाहेरची, बडीशेप बाहेरची, हिंगाचं तर विचारूच नका. 'आमचा अस्सल मसाला' म्हणताना त्यातलं आमचं नेमकं काय असतं?

मिरचीचंच घ्या. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात आली, मूळची ती अमेरिका खंडातली. मोहम्मद घौस वारले ते १५६३ च्या सुमारास. त्याच १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पती आणि मसाल्यांवरचा पोर्तुगीज ग्रंथ छापला गेला. मिरे, लवंग, दालचिनी, जायफळ, आलं यांवर त्यात प्रश्नोत्तरं आहेत. त्या शतकाच्या आधी आपल्या पणज्यांच्या पणज्यांचं तिखट म्हणजे मिरे, पिंपळी आणि आलं. म्हणजे ज्या लाल रंगाला आपण गोव्याच्या जेवणाचा प्राण म्हणतो, तो पाहुणा आहे. पाच शतकं राहिला, घरचा झाला, गोष्ट वेगळी.

माझ्या बहिणीचा मुलगा टेक्ससात ऑस्टिनला असतो. त्याला ही हजिऱ्याची गोष्ट फोनवर सांगितली, तर हसला आणि म्हणाला, "मामा, मी तर इथला मसालासुद्धा घरी करतो." अमेरिकेच्या नैऋत्येला, म्हणजे टेक्सस, न्यू मेक्सिको, ॲरिझोना या बाजूला, मांसाला मसाला चोळून ठेवायची मोठी परंपरा आहे. त्याची रीत ऐका. सुक्या लाल मिरच्या तव्यावर गरम करून कुटायच्या, जिरं आणि धने भाजून घालायचे, लसूण, ओव्याच्या वासाच्या जवळ जाणारा ओरेगानो, मीठ, चिमूटभर गुळी साखर. कोरडाच चोळायचा, नाहीतर लिंबाचा रस किंवा सिरका घालून सरसरीत करायचा. न्यू मेक्सिकोत लोक लाल मिरच्यांच्या माळा घराबाहेर सुकायला टांगतात, त्यांना रिस्त्रा म्हणतात. मला आपल्या मे महिन्यातल्या अंगणांची आठवण झाली, जेव्हा अंगणात अजून गाड्या लागत नव्हत्या आणि मिरच्या वाळत पडायच्या तेव्हाची.

हे साम्य योगायोगाचं नाही. मांस लसूण आणि सिरक्यात मुरवून टिकवायची रीत इबेरियातल्या दोन्ही दर्यावर्दी देशांत होती. स्पॅनिश लोक तिला आदोबो म्हणत, ती त्यांच्याबरोबर मेक्सिकोत गेली. पोर्तुगीजांची 'व्हिन्य द आल्योश', म्हणजे द्राक्षमद्य आणि लसूण, ती गोव्यात आली. इथे द्राक्षमद्याच्या जागी माडाच्या सुरेचा सिरका आला, मिरची पडली, गरम मसाला पडला आणि विंदालू झालं. बटाट्याशी, म्हणजे आलूशी, त्याचा काही संबंध नाही, हे एवढं तरी आपण सगळे अभिमानाने सांगतो. रेशाद हा शब्दसुद्धा पोर्तुगीज, अर्थ 'भरलेला'. काफ्रेलचं मूळ आफ्रिकेत मोझांबिककडे शोधतात. तेव्हा भाच्याचा ऑस्टिनमधला मसाला आणि आपला रेशाद हे चुलतभाऊ आहेत. एक घराणं दोन समुद्रांवर विखुरलं.

मग माझा मुद्दा काय? मुद्दा असा की मसाल्यातली जिन्नसं कधीच कुणाची नव्हती. ती सगळ्या जगाची, आणि बाजारात पैसे टाकले की मिळतात. त्यातून काय करायचं, किती भाजायचं, कशाला काय लावायचं आणि किती वेळ ठेवायचं, एवढंच काय ते आपलं असतं. नेमकं तेवढंच आपण पुडीवाल्याला देऊन टाकलं, आणि वर 'अस्सल' हा शब्द तेवढा स्वतःकडे ठेवला. शेत विकून सातबाऱ्याची झेरॉक्स भिंतीला लावावी तसं.

पुडीचा इतिहासही जुना आहे. 'करी पावडर' नावाची वस्तू विलायतेत अठराव्या शतकातच विकायला आली होती. टेक्ससात न्यू ब्राऊनफेल्स गावच्या विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन स्थलांतरिताने १८९० च्या दशकात मिरची-जिऱ्याची तयार पूड बाजारात आणली. दोन्हीकडे गोष्ट एकच. ज्यांना ते जेवण खायचं होतं पण करायचं माहीत नव्हतं, त्यांच्यासाठी तयार पूड निघाली. परक्यांसाठी काढलेली ती सोय. आपण आपल्याच स्वयंपाकघरात परके झालो तेव्हा ती आपल्याही कामी आली, इतकंच.

कुणी म्हणेल, पुडीत भेसळ असते म्हणून तुम्ही विरोध करता का? तो विषय आहेच. २००५ साली ब्रिटनमध्ये सुदान नावाच्या बंदी असलेल्या रंगामुळे चारशेच्या वर खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले होते, आणि त्याचं मूळ तिखटाच्या पुडीत निघालं होतं. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने इथिलिन ऑक्साइडच्या कारणावरून काही भारतीय तयार मसाल्यांवर कारवाई केली. पण हा माझा मुख्य मुद्दा नाही. उद्या पुडी शंभर टक्के शुद्ध निघाली तरी माझं म्हणणं तेच राहील. फक्त माई करते ते तुम्हीही करा. पुडी उलटी करून वाचा. नियमाने घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. मीठ कितव्या क्रमांकावर आहे ते बघा. मसाल्याच्या भावाने आपण किती मीठ विकत घेतो ते कळेल.

आणि चवीचं म्हणाल तर त्यात गूढ काही नाही. धन्या-जिऱ्याचा वास त्यांतल्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. दाणा अख्खा आहे तोवर ते आत बंद राहतं. दळलं की हवेला तोंड कितीतरी पटींनी वाढतं आणि वास निघून जायला लागतो. कारखान्यात दळून, गोदामात राहून, दुकानातल्या उन्हात बसून आपल्या हाती येईपर्यंत त्यात उरतं काय? रंग आणि तिखटपणा, ती टिकाऊ पोरं. म्हणून पुडीचं जेवण तिखट लागतं आणि तरीही त्याला वास नसतो. मग आपण अजून एक चमचा घालतो.

त्या संध्याकाळी माईने मटण लावलं. दही, आलं-लसूण, हळद, मीठ, नवा काळा मसाला आणि सरसूचं तेल. सरसूचं तेल पाहून मी जरा बिचकलो, तर म्हणाली, "इकडे हेच पिकतं. तुमच्याकडे नारळ पिकतो म्हणून तुम्ही नारळाचं घालता ना?" रात्रभर ठेवायचं का, असं विचारलं. "दही आहे, चालतं. लिंबू पिळलं असतं तर इतकं नसतं ठेवलं." हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही, पण बरोबर आहे. आंबट मांसात फार आत जात नाही, वरच्या थरातच काम करतं, आणि जास्त वेळ ठेवलं तर तोच थर भुसभुशीत होतो. मासळीचं तर लवकरच होतं. आत जातं ते मीठ. म्हणून आपल्या घरी बांगड्याला आधी मीठ-हळद लावून ठेवायचे आणि रेशाद तळायच्या जरा आधी भरायचे. आई करायची. का करायची ते मी कधी विचारलं नाही. पुडीवर तर 'रात्रभर मुरवा' असं सरसकट छापलेलं असतं, कोंबडीला तेच आणि बांगड्यालाही तेच.

आता तुमच्या मनात जो आक्षेप कधीचा उसळतोय त्याच्याकडे येतो. विशेषतः वाचणाऱ्या बायकांच्या मनात. "घरचा मसाला, घरचा मसाला म्हणून गळे काढणारे तुम्ही पुरुष. रगड्यावर वाटायला कोण बसत होतं?"

खरं आहे. अगदी खरं आहे. माझी आजी रोजचं वाटप रगड्यावर वाटायची. मिरच्यांनी हात इतके पेटायचे की रात्री हात खोबरेल लावून ताटकळत ठेवायची. माझ्या आजोबांनी त्या आमटीचं कौतुक केलं असेल, पण रगड्याचा गोटा त्यांनी कधी हातात धरला नाही. मिक्सर आला, पुडी आली, आणि आमच्या घरातल्या बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. त्या सुटकेला नावं ठेवायचा हक्क मला नाही. नोकरी करून, लोकलबसने धक्के खात घरी येणाऱ्या बाईने पुडी फोडली तर ती संस्कृती बुडवत नाही, घर चालवते आहे. होस्टेलवरच्या पोराने फोडली तरी माझं काही म्हणणं नाही. सोय ती सोय.

माझं भांडण आहे ते आपल्याशी. मिशीला पीळ देऊन 'आमच्या आजीच्या हातची चव' सांगणाऱ्या, फेसबुकावर दुसऱ्याच्या शागोतीचा फोटो पाहून 'ही अस्सल नव्हे' असा शेरा मारणाऱ्या पुरुषांशी. आजीची चव हवी, पण ती आजीनेच, नाहीतर आईने, नाहीतर बायकोने करावी. त्यांनी नकार दिला की आपण काय केलं? स्वतः पाटा धुतला? नाही. दुकानात जाऊन होडीचं चित्र विकत आणलं.

हजिऱ्यात मला हेच सर्वांत जास्त लागलं. माईच्या घरी मसाला भाजायला कोण बसलं होतं माहीत आहे? तिचा नवरा. बापूसाहेब जियाजीराव कॉटन मिलमध्ये कारकून होते. बिर्लानगरची ती गिरणी १९९० च्या दशकात बंद पडली आणि हजिऱ्यातल्या घराघरांतून कर्ते पुरुष एकदम घरी बसले. माई म्हणाली, "दोन-चार महिने हे खाटेवर आढ्याकडे बघत पडलेले असायचे. थंडी आली, मसाल्याचे दिवस आले. मी म्हटलं, बसलाच आहात तर धने तरी हलवा." तेव्हापासून भाजायचं खातं त्यांचं. आज वय ऐंशीच्या पुढे आहे. अंगणात शेगडी, तिच्यावर जाड बुडाची कढई, डोक्याला मफलर, हातात लांब दांड्याचा उलथना. धने वेगळे, तीळ वेगळे, खोबरं अगदी शेवटी. घाई नाही. कुणी म्हटलं 'झालं की हो आता', तर ऐकत नाहीत. वास बदलतो तेव्हा उतरवतात. कुटायला रगडा नाही की खलबत्ता नाही, चांगला मोठा मिक्सर आहे. संस्कृतीला मिक्सर चालतो, मंडळी. तिला माणूस लागतं.

बापूसाहेबांना मी विचारलं, वास बदलला हे कसं कळतं. म्हणाले, "पहिल्या दोन वर्षांत दोनदा जाळले. मग कळायला लागलं."

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही समाधीवर गेलो होतो. समारोहाची सुरुवात तिथे सनई, ढोलीबुवा महाराजांच्या मठाची हरिकथा आणि मग मिलाद, अशी होते. मराठी मठाची हरिकथा आणि सूफी पीराच्या दारातला मिलाद एकाच आवारात. समाधीजवळ एक चिंचेचं झाड आहे. मूळ झाड राहिलेलं नाही, नंतर लावलेलं आहे, तरी गवई त्याची पानं चघळतात, गळा गोड होतो म्हणून. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला तो आहेच, पण त्या मानाच्या किती आधी आपल्या बाजूचे रामकृष्णबुवा वझे सावंतवाडीच्या मुलखातून हाल काढत या शहरापर्यंत पोचले होते आणि निसार हुसेन खाँसाहेबांकडे शिकले होते. तेव्हा कॅसेट नव्हती, यूट्यूब नव्हतं. शिकायचं तर जावं लागे, गुरूसमोर बसावं लागे, चुकावं लागे. आज त्यांच्या घराण्याचं गाणं खिशातल्या फोनवर मिळतं. ते ऐकणारा कुणी 'मी ग्वाल्हेर घराण्याचा गवई' म्हणत नाही. म्हटलं तर लोक हसतील. मग पुडी फोडणारा 'मी अस्सल गोवेकर खवय्या' म्हणतो तेव्हा आपण का हसत नाही?

हा नुसता मानापमानाचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. यात आपल्याच माणसांचं पोट आहे. काणकोणात खोल्याला डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर मिरची घेतात. त्या मिरचीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पेडण्यातल्या हरमलच्या मिरचीलाही पुढे मिळालं. वर्तमानपत्रांत फोटो आले, आपण टाळ्या वाजवल्या. आता सांगा, गेल्या मे महिन्यात तुमच्यापैकी किती जणांनी अख्खी खोल्याची मिरची विकत घेतली? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, पुरुमेताच्या फेस्तांत ती मांडून बसलेली बाई असते. पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकी मिरची, सोलां, सुकी मासळी तिथून घ्यायची ही आपली रीत. पुडीवाला कारखाना तिच्याकडून मिरची घेत नाही, त्याला टनांनी स्वस्त माल लागतो. अख्खी मिरची घेतं ते फक्त घरी मसाला करणारं घर. ती घरं संपली की मानांकनाचा कागद राहील, उतारावर मिरची राहणार नाही. तिच्या पोराला ती लावायला सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

म्हणून सांगतो, मोठ्या गोष्टी नकोत. खाद्यमहोत्सव नको, परिसंवाद नको, 'वारसा' हा शब्द तर वर्षभर नकोच. एका रविवारी, शक्यतो घरातल्या पुरुषाने, रेशाद करायचा. परतल्यावर आईच्या जुन्या वहीत शोधून, दोनदा फसून जमलेलं माप देतो. बेडगी किंवा खोल्याच्या सुक्या मिरच्या वीस-पंचवीस, बिया थोड्या झटकून. खोल्याच्या जास्त तिखट, तेव्हा आपापल्या जिभेने. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, इंचभर आलं, चमचाभर जिरं, दहा-बारा मिरे, पाच-सहा लवंगा, इंचभर दालचिनी, अर्धा चमचा हळद, सुपारीएवढी चिंच, चमचाभर साखर, चवीला मीठ. मिरच्या माडाच्या सिरक्यात तासभर भिजवायच्या आणि त्याच सिरक्यात सगळं गुळगुळीत वाटायचं. पाण्याचा थेंब नको, पाणी लागलं की बुरशी येते. कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये महिनाभर सहज राहतो. एकूण काम पाऊण तासाचं. क्रिकेटच्या सामन्यातल्या जाहिराती धरल्या तर त्याहून जास्त वेळ आपण दर रविवारी घालवतो. ज्यांच्या घरी सिरका चालत नाही त्यांनी चिंच वाढवावी, पण मग आठवड्यात संपवावा.

पहिला फसेल. माझा फसला, पहिल्यांदा लवंग जास्त झाली, दुसऱ्यांदा चिंचेचा कचका दाताखाली आला. तिसऱ्यांदा बांगड्यात भरला तेव्हा बायकोने काही न बोलता दुसरा बांगडा वाढून घेतला.

गेल्या उन्हाळ्यात म्हापशाहून मिरच्या आणून, गच्चीवर वाळवून, मी एक बरणी रेशादची आणि पावशेर सुक्या मिरच्या ग्वाल्हेरला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर माईकडे पाठवल्या. आठवड्याने फोन आला. माईने रेशाद भरल्या कारल्यात वापरला होता. मासा नव्हता म्हणाली, होतं त्यात भरला, छान झाला. मग तिने फोन बापूसाहेबांकडे दिला.

"जावईबापू," ते म्हणाले, "मिरची नीट वाळली नव्हती. मधे ओली लागली हाताला. पुढच्या वेळी दोन दिवस ऊन जास्त द्या."

देणार आहे. दगड टाकून झाला, आता तुमची पाळी. असो.